भिंत काही फिरत न्हाई

गोरेगावहून सेनगावकडं निघालं की डाव्या हाताला जो तांडा लागतो, त्यातल्या शंकरसिंग राठोडाच्या घराची पुढची भिंत त्या साली सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झाली होती. पांढऱ्या मातीनं पोतारलेली चांगली भिंत, आणि तिच्यावर जोत्यापासून हात पुरेल तिथवर कोळशानं काढलेली अंडी. लहान, मोठी, चेपलेली, फुगलेली, एका अंगाला टोक आलेली. मधूनमधून खोके, तेही असे, की वर म्हैस बसून उठलेली असावी.

"काहून गं नानीबाई," पाण्याला निघालेली सोजराबाई रोज न चुकता विचारायची, "कोंबडी बसवली का भिंतीवर?"

"कोंबडी न्हाई, मपली थोरली बसलीय," नानीबाई म्हणायची. "खुडूक झालीय. उठतबी न्हाई अन् अंडंबी नीट देत न्हाई."

थोरली म्हणजे शिला, दहावीतली पोर. ती भिंतीकडं तोंड करून उभी असायची, हातात चुलीतला विझका कोळसा, आणि मागचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची. चेष्टा खोटी असती तर तिनं उलटून उत्तर दिलं असतं. पण अंडं खरंच नीट येत नव्हतं.

अंडं नव्हेच ते. घागर जरा वरून पाहिली की तिचं गोल तोंड जसं लांबट दिसतं, तसं लंबवर्तुळ काढायचं होतं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत समोर वस्तू मांडतात आणि बघून काढायला लावतात. तिथं घागर आली, तांब्या आला, डबा आला, सगळ्यांची तोंडं ही अशीच. ते एक जमलं नाही की पुढचं सगळं मातीत. मागल्या साली, नववीत, शिला तिथंच नापास झाली होती. शाळा दहावीपर्यंतची, म्हणजे यंदाची ही शेवटची खेप.

आणि गंमत अशी, की हात वाईट होता असंही नाही. हाताला एक सवय होती, ती आईकडून आलेली.

नानीबाई नवी नवरी असताना ऊसतोडीला गेली होती. तिथं कोयत्यानं तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, उरलेला हात ताठ झाला. अंगठा आणि त्याशेजारचं बोट, एवढ्या चिमटीत सुई धरता यायची, पण मनगट वळायचं नाही. मग तिनं आपली एक रीत काढली. सुई एका जागी, आणि मांडीवरचं कापड डाव्या हातानं फिरवायचं. आरशाच्या टिकलीभोवती तिचे टाके असे बसत, की लग्नाच्या कांचळ्या, म्हणजे आरशांच्या चोळ्या, शिवायला लांबच्या तांड्यावरून बाया तिला शोधत येत. तिच्या मांडीला मांडी लावून शिला शिकली. "हात हालवू नगंस. हात म्हंजे खुंटी. कापड फिरव." शिलाच्या हातांना दहाही बोटं होती, मनगटही वळत होतं. पण गुरूचं जे उणं, तेच शिष्याला ज्ञान म्हणून मिळालं.

शाळेत पेन्सिल धरली तरी तेच. हात खुंटी, कागद भिंगरी. आठवीत तिचं नक्षीचं चित्र पाहून चित्रकलेचे उद्धव जोशी सर आधी खूश झाले, मग तिला काढताना बघून त्यांनी कपाळाला हात लावला. सरांचं घर नरसीचं, देवळाच्या पूजेतलं. बोलणं मऊ, पण चित्राच्या तासाला जमदग्नी.

"शिले, नक्षी फिरवून काढशील. समोरची घागर फिरवून कशी काढशील? तू कागद फिरवलास की डोळा एकीकडे अन् घागर एकीकडे."

नववीच्या निकालानंतर त्यांनी तिचा कागद वर्गातल्या लाकडी फळ्याला पिनांनी ठोकला. "फिरव आता."

शिलानं हात उचलला. हात अर्ध्यावर जाऊन अडला.

"सर, हात न्हाई वळत."

"वळवायचा नाहीच. सोडायचा. रेघ मनगटातनं येत नाही, खांद्यातनं येते. खांदा उघड."

"खांदा कसा उघडू सर? त्याला काय कडी हाय?"

वर्ग हसला. सरांची मुलगी अनुश्री त्याच वर्गात, ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. सरही हसले, आणि मग त्यांनी हुकूम सोडला : आधी रेघा. आडव्या, उभ्या, तिरप्या. मग लंबवर्तुळं. मग खोके. जोवर कागद फिरतोय तोवर घागरीचं नाव काढायचं नाही.

घरी आल्यावर शिलानं कागद अंगणात ठेवला, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि उकिडवी बसून काढायला लागली. धाकटी मिना, सातवीतली, उंबऱ्यात शेंगा फोडत बघत होती. बघता बघता ती हसून आडवी झाली.

"ताई, कागद खिळला तर आता तूच फिरून राहिली! देवाला प्रदक्षिणा घालून राहिली का?"

खरंच, शिला बसल्या बसल्या कागदाला फेरी मारत होती. तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"भिंतीवर काढ," मिना म्हणाली. "भिंत काही फिरत न्हाई. अन् तुलाबी तिच्याभवती फिरता येनार न्हाई, मधी घर हाय."

भिंत अशी सुरू झाली. पण भिंतीवरही शिलाची मान कलायची, कंबर कलायची. आई म्हणायची, "मान मोडंल एखांदिवशी, मंग मांत्रिक आना." अंडी वाढत गेली. नीट मात्र एकही नाही.

पोळा झाला आणि थोरला भाऊ मोहनसिंग मुकादमाकडून बातमी घेऊन आला. दसरा झाला की ट्रक येणार. ऊसतोडीत कोयता म्हणजे एक माणूस नव्हे, जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीला न्यायच्या. मोहनसिंगच्या बायकोचे दिवस भरत आले होते. शंकरसिंगची कंबर कधीच गेलेली. नानीबाईच्या हाताला मोळीची गाठ बसत नव्हती. जोडीला राहिल्या दोन पोरी.

शंकरसिंग बाजेवर उठून बसला. दोन्ही पोरींना समोर बोलावलं. माणूस कमी बोलायचा. बोलायचा तेव्हा आधीच ठरवून झालेलं असायचं.

"एकीला जावं लागंल. शिला, तू मोठी, तुझ्यात जोर हाय. पन मास्तर म्हणतेत ती चित्राची परीक्षा अन् दहावी झाली, तर तू चित्राच्या मास्तरनीच्या कोर्साला जाशील. जानार असशील तर मी मिनीला धाडतो. बुडालं तिचं साल तर बुडालं. पन मागल्यावानी नापासच व्हायची असशील, तर कशाला? मंग तूच जा, मिनी शिकंल."

"बा, परीक्षा दसऱ्याच्या आधी हाय. निकाल तर संक्रांतीला लागतो."

"निकाल तू सांग. पेपर देऊन भायेर ये अन् मला सांग. सुईवालीला चुकलेला टाका कळतो का न्हाई?"

"कळतो."

"मंग झालं."

मिना मधेच म्हणाली, "बा, कारखान्याला धुराडं असतंय ना? लई उंच?"

त्यानंतरचे दिवस शिलाला धड आठवायचे नाहीत. शाळेतून आली की भिंत. तांबडं फुटलं की भिंत. बोटं काळी, नखं काळी, पोटात अन्न जाईना. भाकरी थापायला बसली, तर हाताखाली भाकरी फिरायची, ती परातीला धरून ओरडली, "हेबी फिरतंय!" आई बघतच राहिली. एका रेघेवर दुसरी रेघ, त्याच वाटेनं तिसरी, असं सरांनी सांगितलेलं. रेघ बरी यायला लागली होती. खोकाही उभा राहायला लागला होता, जरा लंगडा. पण लंबवर्तुळाच्या उजव्या टोकाला हात पोचला की खुंटी व्हायचा. तिथं टोक यायचं, आणि टोक आलं की ते अंडं.

एका संध्याकाळी तिनं कोळसा फेकला, गोठ्यातली शेणाची पाटी उचलली आणि काढलेल्या सगळ्यावर शेण फासलं. फासता फासता रडली. मग अंधारात जाऊन पडली.

सकाळी उठली तर मिना भिंतीपाशी. पांढरी माती कालवून तिनं निम्मी भिंत पोतारत आणली होती, गालावर पांढरे ठिपके.

"घे," मिना म्हणाली. "नवा कागद."

"मिने, मला जमलं तर तुला जावं लागंल. कळतंय का तुला?"

"ठावं हाय."

"मंग काहून पोतारतीस?"

मिनानं बोळा पाण्यात पिळला. "मला ट्रकात वर बसायचंय. अन् धुराडं बघायचंय. तू काढ गं, वाळायच्या आधी काढू नगंस तेवढं."

परीक्षेचं केंद्र हिंगोलीला. शंकरसिंग जीपनं सोबत आला, फाटकाबाहेर लिंबाखाली बसला. आत वर्गात सतरंजीवर पोरी अर्धगोलाच्या दोन रांगा करून बसलेल्या, मधे स्टुलावर पितळी घागर, तिला टेकून पुठ्ठ्याचा खोका, पुढं दोन लिंबं. मांडीवर बोर्ड, बोर्डावर पिनांनी कागद.

मांडीवर. शिलानं बोर्डाकडं पाहिलं. एवढे दिवस तिनं भिंत साधली होती, आणि इथं पुन्हा मांडी. लहानपणापासून जिथं कापड फिरलं तीच जागा. तिनं उभी रेघ घेतली, चांगली आली. खोक्याची कड घेतली. घागरीच्या तोंडाला पेन्सिल लावली आणि—

"ए मुली! बोर्ड फिरवू नको," पर्यवेक्षक बाई ओरडल्या.

बोर्ड फिरलाच होता. डाव्या हातानं आपलं काम तिला न विचारता करून टाकलं होतं. कागदावर टोकदार अंडं. तिनं खोडलं. पुन्हा लावलं, पुन्हा डावा हात. तिनं डावा हात मांडीखाली दाबला, तर बोर्ड घसरला. कागदावर थेंब पडला तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

पुढच्या रांगेत अनुश्री बसली होती. तिनं मान न वळवता हळूच विचारलं, "काय झालं गं?"

"भिंत पायजे मला."

अनुश्रीला भिंतीची सगळी गोष्ट माहीत होती. गोरेगावात कुणाला माहीत नव्हती? ती जरा मागं सरकली. "टेकव माझ्या पाठीला. लवकर."

शिलानं बोर्ड तिच्या पाठीला उभा लावला. बाई आल्या. "हे काय चाललंय?"

"मला चालतंय बाई," अनुश्री म्हणाली. "पाठ माझीये."

बाई घुटमळल्या, "बोलायचं नाही," म्हणाल्या आणि पुढं गेल्या.

बोर्ड उभा राहिला. पण ही भिंत श्वास घेत होती. श्वास आत गेला की कागद वर, सुटला की खाली. अनुश्री स्वतःची पेन्सिल थांबवून ताठ बसली. एका श्वासापासून दुसऱ्या श्वासापर्यंत जी पोकळी असते, तेवढ्यात शिलानं हात सोडला. तोंडाची पुढची कड आली. मागची कड आली. उजव्या टोकाला हात खुंटला. तिनं खोडलं. पुन्हा अनुश्रीनं श्वास धरला, पुन्हा हात सुटला, पुन्हा टोक. या वेळी बारीक. खोडून खोडून कागदाला लव आली होती, आणखी खोडलं तर फाटणार होता. तिनं ती जागा राहू दिली. तिथं घागरीची सावली जरा जास्त गडद केली आणि टोक सावलीत घालून टाकलं. घंटा झाली.

अनुश्रीनं मागं वळून हात-पाय ताणले. तिचं स्वतःचं चित्र अर्धंच झालं होतं. "माझं काय, मला कुठं मास्तरीण व्हायचंय," ती म्हणाली, पण तिचंही तोंड उतरलं होतं.

फाटकाबाहेर शंकरसिंग चुना-तंबाखू मळत बसलेला. पोरीला बघून मळायचा थांबला. उठला नाही.

"काय?"

सुईवालीला चुकलेला टाका कळतो. शिलाच्या डोळ्यापुढं ती सावली होती आणि सावलीखालचं टोक होतं. खरं सांगायचं तर दोनच शब्द होते. दोन शब्द बोलले की मिना शाळेत राहणार होती. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत तिला वेळ मिळाला, आणि त्या वेळात तिनं काय ठरवलं ते तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नाही.

"पास हाय, बा."

"बराबर बघितलंस?"

"व्हय."

शंकरसिंगनं तंबाखू तोंडात टाकली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. सहसा ठेवायचा नाही. तो हात शिलाला मोळीसारखा जड लागला.

ट्रक आला. मोहनसिंगनं पेटी, ताडपत्री, पिठाचं पोतं चढवलं. मिना सगळ्यांच्या वर, बोचक्यावर बसली. वेणीला लाल रिबीन, शाळेतलीच. "ताई, धुराडं बघून येते!" ती ओरडली. ट्रक वळणाला गेला तरी लाल रिबीन दिसत होती.

परीक्षा संपली होती, तरी शिला भिंतीवर काढत राहिली. आई म्हणाली, "आता कशाला गं? झाली ना परीक्षा?" शिला पुन्हा रेघ लावायची. एकदा, एकदा तरी बिनटोकाचं येऊ दे. मग आपण खोटं बोललो नाही असं होईल, असं काहीतरी तिच्या मनानं धरलं होतं. वहिनीला मुलगी झाली. थंडी आली. तुरी निघाल्या. भिंतीवर जागा उरली नाही की तिची तीच पोतारून घ्यायची, आणि पोतारताना मिनाच्या हाताचे जुने फराटे झाकले जायचे.

संक्रांतीनंतर उद्धव सर सायकलवर आले. लांबूनच ओरडले, "सी ग्रेड आहे! पण पास!"

शिलानं हातातला कोळसा खाली ठेवला. मग विचारलं, "सर, घागरीला किती दिले?"

"ते थोडंच कळतंय त्यात? सगळं मिळून पास. नक्षीनं तारलं असेल नाहीतर घागरीनं. तुला कशाला हव्यात चौकशा? पेढे दे."

घरात गूळ होता. सरांना गूळ दिला. आईनं आरशांची कांचळी पेटीतून काढून पोरीच्या खांद्यावर टाकली. शिला हसली नाही. सावलीखालचं टोक आता कायमचं तिथंच राहिलं.

पाडवा होऊन गेल्यावर ट्रक परतले. मिना उतरली तेव्हा शिलानं आधी ओळखलंच नाही. उंच झाली होती, काळी पडली होती, आवाज बसलेला. रिबीन नव्हती. दोन्ही तळहातांना भेगा, आणि उजव्या हाताची बोटं पुरती उघडत नव्हती, पुरती मिटतही नव्हती.

"धुराडं बघितलंस?" शिलानं विचारलं.

"लांबून," मिना म्हणाली. मग भिंतीकडं गेली, अंडी बघत राहिली. "तुझी अंडी तिकडं लई हायेत ताई."

"कुठं?"

"रानात. ऊस सरळ हाणला तर बुडखा गोल दिसतो. पन सरळ कोन हाणतंय? कोयता तिरपाच बसतो. मंग बुडखा असा दिसतो, लांबट. सगळं रान असंच. मी रोज म्हणायची, ताई इथं असती तर तिला उभ्या उभ्या शिकायला भेटलं असतं."

बोलता बोलता तिनं जोत्यावरचा कोळसा उचलला. बोटांच्या चिमटीत धरता येईना, म्हणून मुठीत धरला, कोयता धरावा तसा. आणि हात फिरवला. एकदाच. मनगट हललं नाही, कोपर हललं नाही. सगळा हात खांद्यापासून सुटला आणि भिंतीवर लंबवर्तुळ उमटलं. जाड, ओबडधोबड रेघेचं. पण टोक नव्हतं. कुठून सुरू झालं आणि कुठं मिटलं, ते दिसत नव्हतं.

मिनाला त्याचं काही वाटलं नाही. "भूक लागलीय," म्हणून ती आत गेली.

शिला उभी राहिली. सरांनी वर्गात सांगितलं होतं, खांदा उघड. तो कशानं उघडतो ते तिनं सरांना विचारलं होतं, हसण्यावारी गेलं होतं. आता भिंतीवर उत्तर होतं. ती त्यावर बोट फिरवायला गेली आणि हात मागं घेतला.

जूनमध्ये दहावीचाही निकाल लागला, पास. सर नांदेडच्या कोर्साचं सांगायला आले. अंगणात शंकरसिंग, मोहनसिंग, नानीबाई. वहिनीच्या मांडीवर पोर अंगावर पीत होतं. म्हणजे याही साली तिचं जाणं नव्हतं. शंकरसिंगनं मिनाकडं बघितलं. मिना खाली मान घालून तांदूळ निवडत होती, वाकड्या बोटांनी.

"यंदा मी जाते," शिला म्हणाली. "कोयत्याला. मिनी सातवीत बसंल."

"अगं वेडे!" सर उभेच राहिले. "एवढं भिंतीशी डोकं फोडून पास झालीस, अन् आता?"

"सर, पास शिळं होतं का?"

"पास नाही होत शिळं. माणूस होतं." "एक साल म्हणता म्हणता दोन होतात, पोरी."

शिला बापाकडं वळली. "बा, त्या दिवशी फाटकापाशी मी तुला..."

"ठावं हाय मला," शंकरसिंग म्हणाला. "तुझं तोंड बघितलं व्हतं मी. मलाबी वाटलं, लागंल नशिबाची चिठ्ठी, व्हशील पास." त्यानं मान फिरवली. मिना निवडायची थांबली होती. तिनं एकदा बापाकडं, एकदा बहिणीकडं बघितलं, आणि पुन्हा सूप हलवायला लागली.

त्या साली दसऱ्याच्या ट्रकात बोचक्यावर शिला बसली.

पहिल्या सकाळी फडात दंव होतं. मोहनसिंगनं कोयता तिच्या हातात दिला. तिनं ऊस मुठीत धरला, बुडाशी घाव घातला. हात खुंटीसारखा आला, कोयता अडकला. दुसरा घाव. ऊस सुटला. बुडखा ओला, पांढरा, लांबट. उजव्या अंगाला बारीक टोक निघालेला. शिला वाकून बघत राहिली. डावा हात नकळत पुढं गेला, बुडखा धरून फिरवायला. बुडखा जमिनीत घट्ट.

"काय धुंडून राहिली गं?" पुढून मोहनसिंग ओरडला. "अंडी दिली का उसानं? हाण, गाडी येती!"

शिलानं पदर खोचला, पुढचा ऊस धरला आणि हात खांद्यापासून उचलला.